बास्केटबॉलवर पोट भरतं का?

भरतं. माझं भरतंय. पण ते कसं, हे सांगायला लागले की ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो. त्याच्या डोळ्यांसमोर अमेरिका असते आणि मी बोलत असते रेल्वेबद्दल. मी पश्चिम रेल्वेत कारकून आहे आणि रेल्वेकडूनच बास्केटबॉल खेळते. पगाराच्या स्लिपवर खेळाचा उल्लेख शोधून सापडणार नाही, तरी तो पगार खेळाचाच आहे. आपल्या देशात बास्केटबॉलवर जगणारी माणसं बहुतेक अशीच असतात. कुणी रेल्वेत, कुणी आयकर खात्यात, कुणी इंडियन ओव्हरसीज बँकेत, ओएनजीसीत, केरळच्या वीज मंडळात, सैन्यात नाहीतर पंजाब पोलिसांत. इंदूरहून हल्ली ओळखीच्या मुलींच्या आयांचे फोन येतात, "ताई, पुढे काय असतं गं यात?" प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढावं म्हटलं.

आमचं घर लोकमान्य नगरमध्ये. घरात खेळ म्हणजे क्रिकेट. आजोबांनी होळकर संघाचे दिवस पाहिलेले. सी. के. नायडू आणि चार रणजी करंडक यापलीकडे इंदूरला खेळाचा काही इतिहास आहे हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मी बास्केटबॉलकडे गेले ती निव्वळ उंचीमुळे. शाळेच्या प्रार्थनेत मी कायम शेवटच्या ओळीत, मुलांपेक्षाही उंच. खेळाच्या सरांनी एक दिवस बोलावून सरळ बास्केटखाली उभं केलं आणि म्हणाले, "इथून हलायचं नाही. बॉल आला की वर टाकायचा." माझं पहिलं प्रशिक्षण एवढंच, आणि पुढची काही वर्षं तेवढ्यावर भागलंही. सब-ज्युनिअर वयोगटात उंच मुलगी बास्केटखाली उभी राहिली की गुण मिळतातच. मग कुणालाच, तिला स्वतःलासुद्धा, वाटत नाही की तिला आणखी काही शिकवायला हवं.

शिड्या किती असतात ते आधी सांगते, कारण पालकांचा गोंधळ इथेच होतो. एक शाळेची शिडी: जिल्हा, संभाग (म्हणजे विभाग), राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा, 14, 17 आणि 19 वर्षांखालील. दुसरी बास्केटबॉल महासंघाची: जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि त्यातून सब-ज्युनिअर, यूथ, ज्युनिअर, सीनियर राष्ट्रीय स्पर्धा. तिसरी विद्यापीठाची: आपलं देवी अहिल्या विद्यापीठ पश्चिम विभागात खेळतं, तिथून वर आलात तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. तिन्हींचे संघ वेगळे, निवड करणारे वेगळे, कागदही वेगळे. शाळेतून नॅशनल खेळली की लोक पेढे वाटतात. वाटावेतच. पण रेल्वेच्या कारकुनाच्या जागेसाठी ज्या स्पर्धा धरल्या जातात त्यांत शालेय स्पर्धा नाहीत. तिथे यूथ, ज्युनिअर किंवा सीनियर नॅशनलमध्ये राज्याकडून खेळून संघ निदान आठवा यावा लागतो, किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठात निदान तिसरा. आणखीही काही पर्याय आहेत, पण आमच्यासारख्यांच्या हाताला लागणारे हे दोनच. राज्य सरकारचा विक्रम पुरस्कार मिळाला तर मध्य प्रदेशातच नोकरीची वाट उघडते. पण तो वर्षाला मोजक्यांनाच मिळतो, त्यावर हिशेब मांडता येत नाही.

ज्युनिअर नॅशनलआधीच्या कॅम्पमध्ये बाहेरून आलेल्या एका कोचनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "उंची किती?" मी ऐटीत सांगितलं, पाच फूट आठ. ते म्हणाले, "इंदूरमध्ये तू सेंटर आहेस. सीनियरला तुझ्या उंचीच्या मुली बॉल घेऊन वर येतात." (सेंटर म्हणजे बास्केटखाली खेळणारी, संघातली बहुधा सगळ्यात उंच मुलगी.) आणि लगेच डाव्या हाताने ड्रिबल करत कोर्टच्या त्या टोकाला जायला सांगितलं. कोर्ट 28 मीटर लांब असतं. मी मधल्या रेषेपर्यंतही बॉल नेऊ शकले नाही. बॉल पायावर आपटून थेट बाकड्याखाली गेला. पोरी हसल्या. कोच हसले नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

इथून पुढची दोनेक वर्षं माझ्या लेखी खरं करिअर. आतापर्यंत मी बास्केटकडे पाठ करून खेळत होते, आता तोंड करून खेळायला शिकायचं होतं. सेंटरचे पाय वेगळे असतात. अंगावर भार घेऊन पिव्हट करायचं (एक पाय रोवून वळायचं), टेकायचं, उडायचं. बाहेरून खेळणाऱ्या मुलीचे गुडघे कायम वाकलेले हवेत, नजर वर आणि बॉल कमरेच्या खाली. डाव्या हाताचा लेअप, म्हणजे धावत येऊन उडून जवळून बॉल बास्केटमध्ये टाकणं, यायला मला लाजिरवाणा वेळ लागला. उजवा पाय कधी आणि डावा कधी हे डोक्याला कळत होतं, अंगाला कळत नव्हतं. मग सरांनी बॉल काढूनच घेतला. नुसती पावलं. रोज सकाळी सिमेंटच्या कोर्टवर मी रिकाम्या हाताने धावत येऊन हवेत उडायचे आणि कुंपणापलीकडून दूध घेऊन जाणारे काका थांबून बघायचे. एकदा त्यांनी सरांना विचारलंच, "भिया, इसकी बॉल कहाँ है?"

सिमेंटचा आणखी एक तोटा. बाहेरच्या कोर्टवर रबरी बॉल वापरतात, तो उसळतो जास्त आणि घासून गुळगुळीत झाला की हातातून सुटतो. नॅशनल बहुतेकदा लाकडी फ्लोअरवर असते. तिथे बॉल शहाण्यासारखा परत हातात येतो, पण पाय एकदम थांबतात. सिमेंटवर थोडं घसरत थांबायची सवय असलेल्या मुलीचा घोटा पहिल्याच दिवशी मुरगळतो. म्हणून स्पर्धेआधी काही दिवस तरी लाकडावर खेळायला मिळालं पाहिजे. आमच्या नशिबाने रेसकोर्स रोडवर बास्केटबॉल कॉम्प्लेक्स आहे. मध्य प्रदेशातल्या किती गावांत ही सोय नाही, ते राज्याच्या कॅम्पमध्ये इतर मुलींशी बोलल्यावर कळतं.

त्याच काळात सतनाम सिंगचं नाव गाजलं. पंजाबातल्या बल्लो के गावचा मुलगा, लुधियानाच्या अकादमीतून फ्लोरिडाला गेला आणि 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ड्राफ्टमध्ये 52व्या क्रमांकावर घेतलं. एनबीए म्हणजे अमेरिकेतली पुरुषांची व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिथल्या संघांनी नवे खेळाडू निवडायची फेरी. त्यात निवडलेला हा पहिला भारतीय. आमच्या कोर्टवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एनबीएच्या मोसमाचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. त्या लीगमध्ये तीस संघ, संघात पंधरा खेळाडू, म्हणजे साऱ्या जगातून साधारण साडेचारशे जागा. सात फुटी मुलाची ही गत, तर आमच्या पोरांनी काय करायचं? आणि मुलींनी तर विषयच सोडा. मी तेव्हापासून गीतू अ‍ॅना जोसचे सामने शोधून शोधून बघायला लागले. दक्षिण रेल्वेची खेळाडू, ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळून आली, 2011 मध्ये डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या लीगच्या, तीन संघांनी तिला ट्रायलला बोलावलं. आणि या सगळ्यात नोकरी रेल्वेचीच. हे उदाहरण मला सतनामपेक्षा जास्त धीराचं वाटलं, अजूनही वाटतं. आपल्याकडे लीग येतात. पुरुषांसाठी 2015 मध्ये यूबीए आली, 2017 नंतर दिसेनाशी झाली. 2022 पासून आयएनबीएल आहे, ती टिकावी असं मनापासून वाटतं. पण लीगच्या भरवशावर घरभाडं भरायचा करार कुणी करू नये. लीग खेळायची ती नोकरी खिशात ठेवून.

ती नोकरी नेमकी कुठे मिळते? माझ्या मते उपांत्यपूर्व फेरीत. राज्याचा संघ शेवटच्या आठांत पोचला की तुमच्या कागदावर आठवा किंवा त्याहून वरचा क्रमांक येतो. नाही पोचला तर तुम्ही किती गुण केलेत, किती रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर उसळलेले बॉल) घेतलेत, याला अर्जात रकाना नाही. हे मुलींना माहीत असतं. त्या फेरीत जायचा सामना होता त्या दिवशी सकाळी नाश्त्याला कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. शेवटच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि आमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन वर येणारी मुलगी, चौथ्या फाउलवर होती. पाचवा झाला की ती बाहेर. तिच्यासमोरच्या मुलीला मी अडवते, असं मी ओरडून सांगितलं. वर्षभरापूर्वी मी गार्डसमोर उभी राहिले असते तर तिने मला वाऱ्यावर सोडलं असतं. आता निदान तिच्या बाजूने सरकत तरी राहता येत होतं. ती मला एकदा चकवून गेलीच, पण मागून मदत आली आणि तिचा शॉट रिंगवर आपटला. आम्ही जिंकलो. हॉटेलवर परतताना बसमध्ये एक मुलगी आईला फोनवर सांगत होती, "आई, फॉर्म भरता येईल." सामना जिंकलो हे ती सांगायलाच विसरली.

आणि एक गोष्ट बोलायला कुणाला आवडत नाही, तरी लिहिते. संघात बारा जणी असतात. सगळे सामने बाकावर काढलेल्या बाराव्या मुलीला तेच प्रमाणपत्र मिळतं जे कर्णधाराला मिळतं. त्यामुळे खरी मारामारी सामन्यांत नसते, बारा नावांच्या यादीत असते. तिथे ओळखीपाळखी चालतात का? जिथे एका नावावर एक नोकरी टांगलेली असेल तिथे काय काय चालत असेल ते सुज्ञांनी ओळखावं. चांगल्या मुली त्या यादीबाहेर राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या आज खेळत नाहीत.

रेल्वेच्या खेळाडूंसाठीच्या खुल्या भरतीची जाहिरात आली तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. वय 18 ते 25, त्यात सवलत कुणालाच नाही. कामगिरी चालू आणि मागच्या दोन आर्थिक वर्षांतली हवी. म्हणजे प्रमाणपत्रालाही मुदत असते. ज्युनिअरला गाजवलंत आणि मग अभ्यासासाठी दोन-तीन वर्षं खेळ सोडलात, तर ते प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावायच्या कामाचं. गुण शंभरपैकी: खेळातल्या कामगिरीला 50, ट्रायलला 40, शिक्षणाला 10. ट्रायलमध्ये 40 पैकी 25 मिळाले नाहीत तर बाकीचे गुण मोजतच नाहीत.

मला वाटलं होतं कस ट्रायलमध्ये लागेल. लागला तो त्याआधी, कागदांत. आपल्या मराठी घरांत नाव तीन तुकड्यांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मध्य प्रदेश बोर्डाच्या मार्कशीटवर माझं फक्त नाव आणि आडनाव, वडिलांचं नाव खालच्या ओळीत. खेळाच्या प्रमाणपत्रांवर मात्र कुणीतरी हौसेने तिन्ही नावं लिहिलेली, त्यातल्या एकावर आडनावाचं स्पेलिंगही निराळं. इंदूरच्या शर्मा-वर्मांना हा ताप नसतो, जोश्या-देशपांड्यांना असतो. शिवाय प्रमाणपत्रावर 'सहभाग' छापलेलं, क्रमांकाची जागा कोरी. ती भरून घेण्यासाठी एका कार्यालयात बाबांनी आणि मी इतक्या चकरा मारल्या की तिथला शिपाई आम्हाला चहा विचारायला लागला. "साहेब दौऱ्यावर आहेत" हे वाक्य बाबा नंतर घरी कुठल्याही गोष्टीला वापरायचे. भाजीत मीठ नसलं तरी साहेब दौऱ्यावर. शेवटी जिल्हा न्यायालयाबाहेरच्या नोटरीकडून 'या दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असं प्रतिज्ञापत्र केलं, क्रमांकाचं पत्र मिळवलं आणि बाबांनी सगळं एका फाइलमध्ये लावलं. ते बँकेतून निवृत्त झालेले, त्यांच्या हातची फाइल म्हणजे विचारायलाच नको. आयकर वगैरे केंद्राच्या इतर कार्यालयांत अर्ज करणार असाल तर फॉर्म 1 ते 4 चं प्रकरण वेगळं: देशाकडून खेळलात तर 1, राज्याकडून 2, विद्यापीठाकडून 3, शाळेकडून 4. प्रत्येकावर सही करणारा अधिकारी वेगळा. स्पर्धा संपली की महिन्याच्या आत सह्या घ्या. पदाधिकारी बदलले की नवीन माणूस जुन्या स्पर्धेवर सही करायला बिचकतो.

ट्रायलला मुंबईला गेले ती अवंतिका एक्सप्रेसने, आई सोबत. आईने डब्यात गूळपोळ्या आणि सोबत पाव किलो शेव घेतली होती. इंदूरचा माणूस मुंबईला जाताना शेव नेतोच, ट्रायल असो की लग्न. मैदानावर देशभरातल्या मुली. केरळच्या, तामिळनाडूच्या, छत्तीसगडच्या. भिलाईच्या मुली लांबूनच ओळखू येत होत्या. राजेश पटेल सरांनी तिथे घडवलेल्या मुली कितीतरी वर्षं रेल्वेत येत होत्या आणि त्यांचा दराराही तसाच. आधी धावणं, उड्या, मग दोन्ही हातांचे लेअप, मग वेगवेगळ्या जागांवरून शूटिंग. डाव्या हाताचा लेअप मी केला तेव्हा मला ते दूधवाले काका आठवले, खोटं कशाला सांगू.

मग पाच-पाच जणींचे संघ पाडून सामना. ही सगळ्यात विचित्र मॅच असते. एकमेकींची नावं माहीत नाहीत, छातीवर नंबर चिकटवलेले, आणि प्रत्येकीला बास्केट टाकूनच दाखवायचं असतं. पास कुणी देत नाही. रेल्वेतच खेळणारी एक सीनियर दीदी मला आधी म्हणाली होती, "तिथे स्कोअर करायला सगळ्याच येतात. तू बोलत राहा." म्हणून मी बोलत राहिले. डिफेन्समध्ये मागची मुलगी पुढच्यांचे डोळे असते. 'स्क्रीन लेफ्ट', 'स्विच', 'आय हेल्प' एवढे शब्द मल्याळी मुलीलाही कळतात आणि इंदूरच्या मुलीलाही. शॉट उडाला की बॉलकडे बघत बसायचं नाही, आधी आपली मुलगी पाठीने अडवायची, मग बॉल. बास्केटखाली वाढल्याचा तेवढा फायदा माझ्या अंगात होताच. माझे स्वतःचे गुण थोडेच झाले. एक तर फुकटचा लेअप मी चक्क शेजारच्या मुलीला दिला, कारण तिच्यासमोर कुणी नव्हतं. तिने तो घातला आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. निवड समितीतल्या बाई मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या. ते माझ्याबद्दल होतं की दुपारच्या जेवणाबद्दल, देव जाणे.

निकाल लागला, वैद्यकीय तपासणी झाली, आणि मी कनिष्ठ लिपिक-टंकलेखक झाले. लेव्हल 2, मूळ पगार 19,900, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. आजी म्हणाली, "म्हणजे शेवटी टायपिंगच ना गं?" आजीचं तसं बरोबरच होतं. या पदाला टायपिंगची परीक्षा पास व्हावी लागते, इंग्रजीत मिनिटाला 30 शब्द किंवा हिंदीत 25. बास्केटबॉलने मजबूत केलेली बोटं की-बोर्डवर दोन-दोन कळा एकदम दाबतात. पहिल्या वर्षी मला झोनच्या, म्हणजे पश्चिम रेल्वेच्या, कॅम्पपेक्षा त्या परीक्षेची धास्ती जास्त होती.

एरवीचा दिवस असा: सकाळी प्रॅक्टिस, मग ऑफिस, स्पर्धा जवळ आली की कॅम्प आणि ऑफिसला सुट्टी. ऑफिसात सुरुवातीला 'खेळवाली' म्हणून थोडं बाजूला ठेवतात. फाइल नीट लिहिता येते हे दिसलं की ठेवत नाहीत. आधी आपल्या झोनच्या संघात जागा, मग आंतर-रेल्वे स्पर्धा, आणि त्यातून निवडतात तो भारतीय रेल्वेचा संघ, जो सीनियर नॅशनल खेळतो. महिलांमध्ये त्या संघाने इतकी विजेतेपदं घेतली आहेत की रेल्वेच्या संघात येणं आणि भारताच्या कॅम्पला बोलावणं येणं यांत फार अंतर उरत नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तीही रेल्वेचीच. मी त्या अंतराच्या अलीकडे आहे. झोनच्या संघात आहे, वरच्या कॅम्पला जाऊन आले, अंतिम बारात आले नाही. तिथल्या मुली माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. दुसरं काही कारण नाही.

आता तिशी जवळ आली आहे. घोटे पट्टी बांधल्याशिवाय ऐकत नाहीत आणि यंदा झोनमध्ये दोन नवीन मुली आल्या आहेत, दोघी माझ्याहून उंच आणि दोघींना डाव्या हाताने बॉल नेता येतो. त्यांना ते लहानपणीच शिकवलेलं दिसतंय. खेळ थांबला तरी नोकरी राहते, बढत्या होत राहतात, हा या वाटेचा मोठा गुण. कोच व्हायचं तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा करावा लागतो. त्याला मोठी रजा लागते आणि रजेला साहेबांची सही. आंतर-रेल्वेच्या कॅम्पची यादी पुढच्या महिन्यात लागेल. त्यात नाव नसलं तर पतियाळाचा फॉर्म भरायचा असं ठरवलंय. रजेचा अर्ज टाइप करून तयार ठेवलाय, हिंदीत, कारण इंग्रजीतला माझा वेग अजून तीसच्या आसपासच आहे.